ताडकळसची ओवी आणि 'ब्लूज'

* येथे 'ब्लूज' म्हणजे मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातील कृष्णवर्णीय मजुरांतून आलेले गाणे. बारा मात्राखंडांचे आवर्तन, पहिली ओळ पुन्हा म्हणून तिसरीत उत्तर, आणि किंचित उतरवून लावलेला गंधार. एरिक क्लॅप्टनसारख्या रॉक गिटारवादकाला ते खरोखर वाजवता येते का, हा वाद जुना आहे. क्लॅप्टनने 1994 मध्ये निव्वळ ब्लूजचा संग्रह काढला. 2000 मध्ये खुद्द ब्लूजचा दिग्गज बी. बी. किंग त्याच्यासोबत ध्वनिमुद्रणाला बसला.

परभणीही कापसाचीच काळी जमीन. ताडकळसच्या (ता. पूर्णा) गंगूबाई अंबोरे यांच्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या 1996 मध्ये, हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात, ध्वनिमुद्रित झाल्या. तयारीच्या गायकाला या ओव्यांतला स्वर नेमका लावता येईल; पण ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने आणि दळणाऱ्या बाईच्या दमाने ठरते, ती तबल्याच्या ठेक्यात बसवली की सपाट होते. ती ऐकूनच अंगी येते. ब्लूजचेही तसेच: आमच्या मते क्लॅप्टनला ब्लूज वाजवता येतो, कारण तो वर्षानुवर्षे ऐकत राहिला. वाचकांनी गंगूबाईंचे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे, मग पुढचे प्रकरण वाचावे. — संपा.