क्लास्प (लष्करी पदकावरील पट्टी)

मोहिमेचे किंवा कार्यक्षेत्राचे नाव कोरलेली, लष्करी पदकाच्या फितीवर आडवी बसवली जाणारी अरुंद धातूची पट्टी. पदक एकच असते. सेवा कोणत्या रणक्षेत्रात झाली, हे पट्टीवरून कळते. दुसऱ्या मोहिमेसाठी नवे पदक न देता त्याच फितीवर आणखी एक पट्टी चढते.

भारतातील जुने उदाहरण म्हणजे १८५१ मध्ये मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक. १८०३ ते १८२६ दरम्यानच्या लढायांसाठी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या व ब्रिटिश फौजांतील हयात सैनिकांनाच मिळाले; असईच्या लढाईला तोवर ४८ वर्षे लोटली होती. असई, आडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी आणि कोरेगाव ही नावे त्याच्या पट्ट्यांवर इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगमध्ये आढळतात (पाहा: इंग्रज-मराठे युद्धे). मराठी मुलुखाच्या लष्करी इतिहासाचा हा धातूत कोरलेला दस्तऐवज जिंकणाऱ्या बाजूचा आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’वर ही पद्धत पुढे चालली. ‘जम्मू अँड काश्मीर १९४७-४८’, कोरियातील सेवेची ‘ओव्हरसीज कोरिया १९५०-५३’, ‘गोवा १९६१’ (पाहा: गोवा मुक्तिसंग्राम), ‘लडाख १९६२’ व ‘नेफा १९६२’ या त्यावरील काही पट्ट्या. खडतर प्रदेशातील सेवेसाठी सैन्य सेवा पदकावरही क्षेत्रवार पट्ट्या असतात.

युद्धवृत्तात गौरवाने नाव आलेल्या सैनिकाच्या मोहीम-पदकाच्या फितीवर मात्र पट्टीऐवजी कमलपत्राचे लहान चिन्ह लावतात (पाहा: शौर्य पुरस्कार).