सनद, शिक्षा आणि शील

वकिलाची सनद म्हणजे केवळ पोट भरण्याचा परवाना नव्हे. तिच्या भरवशावर अशील आपल्या घरातील गुपिते, जमिनीचे कागद आणि प्रसंगी स्वतःचा जीवही एका परक्या माणसाच्या स्वाधीन करीत असतो. असा माणूसच गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याच्या सनदेचे काय करावे? हा प्रश्न जितका कायद्याचा, तितकाच नीतीचाही आहे. आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

इंग्रजी अमलातील १८७९ च्या वकीलविषयक कायद्याच्या बाराव्या कलमात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. ज्या गुन्ह्यावरून वकिलाच्या शीलात त्याला वकिलीस अपात्र करणारा दोष दिसून येईल, अशा गुन्ह्यात तो दोषी ठरल्यास हायकोर्टाने त्याची सनद तहकूब करावी किंवा रद्द करावी, असा त्या कलमाचा आशय होता. येथे महत्त्वाचा शब्द ‘शिक्षा’ हा नसून ‘शील’ हा आहे. शिक्षा झाली एवढ्यावर भागत नाही. त्या कृत्यातून माणूस कसा दिसतो, हे पाहिले पाहिजे, अशी ही कसोटी होती.

परकीय सत्तेच्या काळात मात्र ही कसोटी राज्यकर्त्यांच्या रोषापुढे वारंवार फिकी पडली. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले होते, आणि त्या वेळी कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरविलेले नव्हते. तरी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेने त्यांना बॅरिस्टरीची दीक्षा देण्याचे नाकारले. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला इनर टेंपल या संस्थेने त्यांचे नाव आपल्या पटावरून कमी केले. ते नाव पुन्हा चढविण्यास १९८८ साल उजाडावे लागले!

इंग्रजी मुलखाबाहेर, निजामाच्या राज्यातही न्यायासनाचा आणि राज्यसत्तेचा हा झगडा चालूच होता. बीदर, त्याच्या लगतचे मैलूर, भालकी आणि उदगीर हा सारा प्रदेश तेव्हा एकाच जिल्ह्यात मोडत होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि पक्षकारांची मराठी वा कानडी. त्यामुळे वकील हा रयतेचा आवाजच बनला होता. गुलबर्ग्यात वकिली केलेले केशवराव कोरटकर पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तर भालकीस जन्मलेले उदगीरचे वकील श्यामलाल १६ डिसेंबर १९३८ रोजी बीदरच्या तुरुंगात मरण पावले. सरकारी दप्तरात श्यामलाल एक कैदी होते. लोकांच्या स्मरणात ते हुतात्मा ठरले. तुरुंगाची नोंद आणि शीलाची नोंद या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे बीदरच्या जनतेला कोणी शिकवावे लागले नाही.

हेच तत्त्व पुढे एका दूरच्या न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केले. दक्षिण आफ्रिकेत १९५२ च्या प्रतिकार-चळवळीबद्दल नेल्सन मंडेला यांना शिक्षा झाली, तेव्हा ट्रान्सवालच्या वकीलमंडळाने त्यांचे नाव पटावरून काढण्यासाठी अर्ज केला. १९५४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. मंडेलांनी कायदा मोडला होता हे खरे. परंतु त्यात अप्रामाणिकपणाचा वा हीनतेचा लवलेशही नव्हता, हे न्यायालयाने ओळखले.

येथवर कथा सत्तेच्या अतिरेकाची झाली. तिची दुसरी बाजूही तितकीच विचारणीय आहे. स्वतंत्र भारतात १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने शिस्तीचा अधिकार वकिलांच्याच बार कौन्सिलांकडे सोपविला. समज देणे, सनद तहकूब करणे किंवा नाव पटावरून काढून टाकणे, अशा शिक्षा पस्तिसाव्या कलमाने त्यांच्या हाती दिल्या. आता आपल्याच माणसाचा न्याय आपणच करावयाचा होता, आणि तेथे भीती राज्यकर्त्यांच्या रोषाची नव्हती. स्वकीयांविषयीच्या मायेची होती.

उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे १९७१ साली एका वकिलाने भर न्यायालयात प्रतिपक्षावर सुरीने वार केला. खुनाच्या प्रयत्नाबद्दल त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि हायकोर्टातही ती कायम राहिली. पुढे राज्यपालांनी शिक्षा तहकूब केल्याचे एक पत्र पुढे आले. ते बनावट निघाले! एवढे होऊनही राज्याच्या बार कौन्सिलने शेवटी तीन वर्षांच्या वकिलीबंदीवर समाधान मानले. अखेर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा अपुरी ठरविली आणि त्याचे नाव पटावरूनच काढावयास लावले. वार आणि निकाल यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली.

कायद्यातही एक विसंगती राहून गेली होती. १९७३ साली घातलेल्या कलम २४-अ प्रमाणे नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या इसमास नवी सनद मिळत नाही. परंतु सुटकेनंतर दोन वर्षांनी ही आडकाठी दूर होते. ज्याच्या हाती सनद आधीच आहे, त्याच्याविषयी मात्र हे कलम बोलत नव्हते. २०१६ साली एका न्यायाधीशास धमकावणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही उणीव भरून काढली. ज्या दोषामुळे दाराबाहेर थांबावे लागते, तोच दोष घरात असलेल्यासही लागू व्हावा, असा त्या निर्णयाचा आशय होय. दोन वर्षांची ती मुदत गंभीर गुन्ह्यांना पुरेशी आहे काय, याचाही फेरविचार व्हावा, अशी अपेक्षा न्यायालयाने व्यक्त केली.

१९५६ च्या पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. आज भालकीचा वकील कर्नाटकाच्या बार कौन्सिलच्या पटावर असतो, तर उदगीरचा महाराष्ट्र व गोव्याच्या. पट दोन असले तरी कायदा एकच आहे, आणि कसोटीही एकच असली पाहिजे. ज्याने अन्यायापुढे मान तुकविली नाही, त्याची सनद सत्तेच्या रागापासून सुरक्षित राहावी. आणि ज्याने सुरी उगारली किंवा कागद बनावट केला, त्याची सनद बंधुभावाच्या आडोशाला लपता कामा नये. या दोन गोष्टींतील भेद ओळखणे, हेच न्यायाच्या व्यवसायाचे खरे शील होय.