मानशीचं दार कोणाच्या हातात?

मागे सुरतेत भेस्तानला चुलतभावाकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर 2006 च्या ऑगस्टमधल्या तापीच्या पुराचा विषय निघाला. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरत बुडाली. शेजारचे खानदेशी काका म्हणाले, "दरवाजे तिकडे, आम्ही इकडे." मला एकदम आपली मानस आठवली.

मानस म्हणजे काय हे गोवेकरांना सांगायला नको. भरतीचं खारं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. माणसाने फक्त लक्ष ठेवायचं! तिसवाडी, दिवाडी, चोडण ही सगळी बेटंच. तिथली भरतीच्या पातळीखालची खाजनशेती या दारांवर आणि मातीच्या बांधांवर तगली.

ही व्यवस्था गावकारीची, पोर्तुगीजांच्याही आधीची. 1526 साली अफोन्सो मेशियाने 'फोराल'मध्ये तिसवाडीच्या गावांचे रिवाज नोंदवले, निर्माण केले नाहीत. जमीन सामाईक, शेतं पावणीने कसायला द्यायची, त्यातून बांधांची डागडुजी, उरेल ते गावकारांत वाटायचं. अर्थात फार हळवं होण्यात अर्थ नाही. गावकार म्हणजे ठरावीक घराण्यांतले पुरुष. चिखलात उतरून बांध घालणारे कितीतरी हात त्या वाटणीत नव्हतेच...

1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने मालकी. न्यायच झाला तो. पण शेत कुळाच्या नावावर करता येतं, बांध कोणा एकाच्या नावावर कसा करणार? बांध-मानस कुळांच्या संघटनांकडे आले. जिथे भातशेती पडीक राहिली तिथे मानशीतल्या मासळीची पावणीच मोठी झाली. मासळी धरणाऱ्याला खारं पाणी आत हवं असतं, भाताला ते नको. दार भरतीला उघडं ठेवलं की शेतात मीठ मुरतं. बांध फुटून तसाच राहिला तर खारफुटी उगवते, आणि मग ती तोडायला कायद्याची मनाई!

असे अर्ज आमच्या टेबलावर येतात. पाहणी, अहवाल, शेरा... तोवर अमावास्या-पुनवेच्या किती भरत्या होऊन जातात. एका म्हाताऱ्या अर्जदाराकडे मी मानशीचा नकाशा मागितला होता. तो म्हणाला, "सायबा, दार कुठे आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे. बंद कोणी करायचं तेवढं लिहून द्या."

फाईल अजून वरच आहे.