आनंदीबाईंचा अर्ज आणि आपल्या लेकी

गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की खऱ्या गप्पा सुरू होतात. अशा गप्पांत आता एक नवा प्रश्न ऐकू येतो. "पोरगी म्हणते का अमेरिकेले शिकाले जातो. काय करावं माय? कागद कोणते लागतात? पैसा कोठून आणावा? अन् तिकडं तिले घेतील का?" चांदूर बाजारच्या बाईला हा प्रश्न नवा वाटतो, पण मराठी घरात तो एकशेचाळीस वर्षं जुना आहे. तेव्हा तो सोडवला होता अठरा वर्षांच्या एका मुलीनं, एका कागदावर. आज त्या कागदाची गोष्ट सांगते.

आनंदीबाई जोशी हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. पहिली मराठी डॉक्टरीण म्हणून पाठ्यपुस्तकात धडा असतो, तो आपण शाळेत वाचून विसरतो. त्या अमेरिकेला पोचल्या कशा, हे मात्र धड्यात फारसं येत नाही.

माहेरचं नाव यमुना, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव वयानं बराच मोठा, टपाल खात्यात कारकून, स्वभावानं हट्टी आणि तापट. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. नीट औषधपाणी मिळालं असतं तर बाळ वाचलं असतं, हे तिच्या मनात कायमचं बसलं. त्या काळी पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा बाई मरण पत्करायची. म्हणून बायकांसाठी बाईच डॉक्टर पाहिजे, आणि ती आपण व्हायचं, असं तिनं ठरवलं. त्यापूर्वी गोपाळराव तिला शिकवत होते. त्या दिवसापासून कशासाठी शिकायचं हे तिचं तिला कळलं.

पहिला प्रयत्न गोपाळरावांनी केला. कोल्हापूरला असताना त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं: बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मला तिकडे काही काम मिळेल का? उत्तर आलं, पण त्यात ख्रिस्ती होण्याची गोष्ट होती. जोशी नवरा-बायकोला ते मान्य नव्हतं. मदत हवी होती, पण त्या अटीवर नको होती. म्हणजे पहिला अर्ज फसला.

वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी चाळलं आणि हे पत्र वाचलं. ओळख ना पाळख, तरी त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढं दोघींची पत्रं जात-येत राहिली आणि नातं मावशी-भाचीसारखं झालं. आनंदीबाईंची तब्येत बरी नसायची, तर कार्पेंटरबाई तिकडून औषधं पाठवायच्या. समुद्रापलीकडे एक घर तयार झालं ते असं.

१८८३ साली गोपाळराव बंगालात श्रीरामपूरला होते. बाई एकटी परदेशी चालली म्हणून लोक खवळले. तेव्हा आनंदीबाईंनी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभं राहून इंग्रजीतून भाषण केलं. मी का जाते, इथंच का शिकत नाही, धर्म बदलणार का, जातीबाहेर टाकलं तर काय करीन, या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिथंच सांगितलं. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा सोबत नव्हता, मिशनरी बायांची सोबत होती. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या.

आता त्या कागदाकडे या. कॉलेजचा प्रवेश अजून झालेलाच नव्हता! २८ जून १८८३ ला आनंदीबाईंनी फिलाडेल्फिया शहरातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला अर्ज लिहिला. हे कॉलेज १८५० साली निघालेलं, खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी. अर्जात त्यांनी काय लिहिलं, ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. वय अठरा आहे. तब्येत चांगली आहे. तुमच्या सगळ्या अटी कदाचित माझ्याकडून पुऱ्या होणार नाहीत, पण माझी गोष्ट वेगळी आहे, ती लक्षात घ्यावी. माझ्या देशातल्या बाया पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. आणि जातीचा, आप्तांचा विरोध पत्करून मी इथवर आले आहे, तोच निश्चय मला शिक्षणही पुरं करू देईल.

कॉलेजच्या प्रमुख होत्या रेचल बॉडली. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली.

बायांनो, हा अर्ज तुम्हाला ओळखीचा वाटला का? बचत गटाचं कर्ज प्रकरण बँकेत नेताना आपण हेच लिहितो. पैसा कशासाठी पाहिजे, आपल्याजवळ काय आहे, काय कमी आहे आणि ते कसं भरून काढू. ज्या गटाची वही खरी, त्या गटाचं बँक ऐकते. आनंदीबाईंनी कमीपणा झाकला नाही आणि उगीच गयावयाही केली नाही. आजही अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना मार्कलिस्टसोबत मुलीनं स्वतः लिहिलेला निबंध लागतो: मी कोण, मला हेच का शिकायचं. दुकानात पैसे देऊन लिहून आणलेला निबंध एकसारखा निघतो. त्यात संत्र्याची बाग नसते, पूर्णेचं पाणी नसतं, आईसोबत रात्री गटाचा हिशोब लिहिणारी पोरगी नसते. जे तिचं आहे तेच तिनं लिहावं. इंग्रजी सुधारायला शिक्षकांची मदत घ्यावी, पण गोष्ट तिचीच राहू द्यावी.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढं रमाबाईंनी अमेरिकेतच राहून पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली, तिथल्या बायकांची मंडळी उभी केली आणि त्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजातून १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या. म्हणजे एकीनं वाट पाडली आणि तिच्यावरून दुसऱ्या चालल्या.

पण गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती अर्धीच राहील. फिलाडेल्फियाची थंडी कडक होती. अंगावर साडी, खाणं शाकाहारी, खोलीत धूर कोंडायचा. आनंदीबाई शिकत असतानाच आजारी पडल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची नोकरी त्यांची वाट पाहत होती, पण ती हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. म्हणून लेक निघाली की फीसोबत तिच्या अंगावरच्या कपड्यांचा, जेवणाचा आणि आरोग्य विम्याचाही हिशोब करा. अमेरिकेत दवाखाना फार महाग आहे. विमा किती आणि त्यात काय बसतं, हे प्रवेश घेण्याआधीच कॉलेजला विचारावं.

दुसरी गोष्ट पैशाची आणि कराराची. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जूनला करारावर सही झाली. अट अशी, की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. त्याच जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले आणि १९१५ साली एम. ए. झाले. इकडं मुंबईत रमाबाई गरिबीत संसार ओढत होत्या. परदेशी शिकणाऱ्याच्या मागं घरी कोणीतरी असं राबत असतंच, त्याची नोंद कुठल्या प्रमाणपत्रावर नसते.

१९१६ साली बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला गेले आणि तिथं नवीन शिक्षण सुरू केलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. येताना त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी परवानगी लंडनमध्ये मिळवून ठेवली. बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर जातीमुळे राहायला कोणी खोली देईना. करारात नोकरीची अट लिहिलेली होती, जातीची अट कुठंच लिहिलेली नव्हती, तरी तीच आडवी आली. त्यांना बडोदा सोडावं लागलं. पुढं मुंबईत कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. राखून ठेवलेली परवानगी तेव्हा कामी आली.

तिसरी गोष्ट आपल्या विदर्भातली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेती शिकायला अमेरिकेला गेले. ते एका कॉलेजात थांबले नाहीत. कॅलिफोर्निया झालं, मग ओरेगॉनचं शेतकी कॉलेज, मग वॉशिंग्टन राज्यातलं कॉलेज. देशाच्या स्वातंत्र्यासाठी गदर चळवळीतही ते होते, म्हणून इंग्रज सरकारनं त्यांना मायदेशी येऊ दिलं नाही. ते मेक्सिकोत गेले, मक्यावर संशोधन केलं, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मोफत शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

मध्येच कॉलेज बदलणं आजही चालतं. इथं एक-दोन वर्षं झालेली पोरगीही तिकडच्या कॉलेजात अर्ज करू शकते. तिथंच दोन वर्षांच्या स्वस्त कॉलेजात सुरुवात करून मग चार वर्षांच्या कॉलेजात जाणारेही पुष्कळ असतात. पण यात हिशोब नीट पाहिजे. झालेल्या प्रत्येक विषयाचे गुण आणि अभ्यासक्रम ते तपासतात आणि त्यातलं किती धरायचं हे त्यांचं कॉलेज ठरवतं. सगळं धरलं नाही तर एखादं वर्ष वाढतं, म्हणजे खर्चही वाढतो. म्हणून किती विषय धरले हे लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका. अमरावती विद्यापीठाची गुणपत्रकं आणि प्रत्येक वर्षाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. मध्येच मदत घेऊन येणाऱ्या परदेशी मुलांना शिष्यवृत्ती कमी मिळते, हेही आधीच धरून चाला. तिकडच्या तिकडे कॉलेज बदलायचं असेल, तर जुन्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून सरकारी नोंद नव्या कॉलेजकडे पाठवून घ्यावी लागते. न सांगता निघून गेलं तर व्हिसा धोक्यात येतो.

आता क्रम लक्षात ठेवा. आधी कॉलेजचा प्रवेश. मग पहिल्या वर्षाचा खर्च आपल्याजवळ आहे, याचे कागद दाखवायचे. ते पाहून कॉलेज आय-ट्वेंटी नावाचा कागद देतं. त्याच्यावर व्हिसासाठी अर्ज आणि मुलाखत. "तिकडं काम करून फी निघते, तुम्ही फक्त सही करा," असं कोणी म्हटलं तर सावध व्हा. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज सुरू असताना कॉलेजच्या आवारातच आणि आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. त्यात हातखर्च निघेल, फी निघणार नाही. व्हिसाची खात्री तर कोणताच दलाल देऊ शकत नाही, तो निर्णय अमेरिकेच्या वकिलातीचा असतो.

पैशाच्या सरकारी वाटा आहेत. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर समाजांसाठी वेगळ्या योजना आहेत. या बहुतेक पदवीनंतरच्या शिक्षणासाठी असतात, म्हणून बारावीनंतर घाई करण्याआधी हिशोब मांडा. वय, उत्पन्न आणि विद्यापीठाच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. अमरावतीला समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा, तिथं विचारायला पैसे लागत नाहीत. शेत गहाण ठेवायची गोष्ट निघाली, तर त्या कागदावर घरच्या बाईनं वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही होऊ देऊ नये.

आनंदीबाईंचा अर्ज लिहिला गेला तेव्हा त्यांच्या मागं संस्था नव्हती, गट नव्हता. एक हट्टी नवरा, एक परकी मावशी आणि स्वतःचा निश्चय, एवढंच होतं. आपल्या लेकीच्या मागं आज दहा-बारा बायांचा गट आहे. पुढच्या बैठकीत हप्ता झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. ज्या पोरीला बाहेर शिकायचं आहे तिला बोलवा. मला हे का शिकायचं, माझ्याजवळ काय आहे, काय कमी आहे, हे तिला मराठीत एका पानावर लिहायला सांगा आणि तिथंच मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्हाला जे पटणार नाही ते तिला विचारा. तुमच्या प्रश्नांना उत्तर देता देताच तिचा अर्ज तयार होईल. आणि अमेरिकेऐवजी ती अमरावतीला किंवा पुण्याला गेली, तरी ते पान तिच्या कामी येईल.