शिल्पकार करमरकर आणि मानवी देहाची प्रतिष्ठा

आधुनिक महाराष्ट्रातील शिल्पकलेचा इतिहास हा बव्हंशी स्मारकांचा इतिहास होय. संस्थानिक, सरकारी अधिकारी व लोकनायक यांच्या पुतळ्यांनी शिल्पकारांना उदरनिर्वाह दिला. परंतु त्यामुळेच कोणाचा देह घडवावा हे पुष्कळदा देणगीदारच ठरवीत. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे कार्य या पार्श्वभूमीवर अभ्यसनीय ठरते.

त्यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळील सासवणे येथे झाला. घरात गणेशमूर्ती घडविण्याची परंपरा होती. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी रेखाटलेले शिवछत्रपतींचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज जिल्हाधिकाऱ्याच्या दृष्टीस पडले आणि त्याच्या साहाय्याने हा खेड्यातील तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे कलकत्त्यास काही काळ व्यवसाय करून १९२० साली ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली अनावृत झाला आणि करमरकरांचे नाव सर्वतोमुखी झाले. सुमारे साडेतेरा फूट उंचीच्या या ब्राँझच्या पुतळ्याचे ओतकाम मुंबईस झाले. एवढ्या मोठ्या ओतकामाचा अनुभव त्या काळी येथे अत्यल्प होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धाडसाची कल्पना येते.

तथापि त्यांची खरी ओळख सासवण्याच्या राहत्या घरी पटते. आज ते त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. तेथे थोरामोठ्यांच्या शेजारी ‘मत्स्यगंधा’तील कोळीण आहे, ‘शंखध्वनी’ आहे, अंगणात बसलेली म्हैसही आहे. ब्राँझ व संगमरवर खर्चाचे, प्लास्टर ठिसूळ. म्हणून त्यांनी सिमेंट-काँक्रीट हे घरबांधणीचे साधन शिल्पासाठी हाताळले. साधन स्वस्त झाल्यामुळे, ज्यांच्या स्मारकासाठी कोणी वर्गणी काढणार नाही अशांनाही मूर्तरूप देणे शक्य झाले.

१९६२ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. १९६७ साली ते निवर्तले. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला असे आपण शिकवितो. ती शिकवण खरी मानणाऱ्याने राजाच्या पुतळ्यासमोर थांबावे, तितकाच वेळ त्या कोळिणीसमोरही थांबावे. करमरकरांच्या हातांनी दोघांसाठी सारखेच कष्ट घेतले आहेत.