मनाली ते लेह : सहलीच्या एका वाटेचा इतिहास

उन्हाळा जवळ आला कीं पुण्यामुंबईकडच्या अनेक घरांतून हिमालयाचा नकाशा पसरला जातो. तरुण मंडळी त्यावर मनालीपासून लेहपर्यंत बोट फिरवितात. मुक्काम किती, पेट्रोल कोठें, कोणती खिंड केव्हां उघडते, याचीं टिपणें होतात. आणि मोटारसायकलीवर बसून इतक्या उंच जाण्याची गरज तरी काय, असें घरांतील वडील माणसें विचारतात. दोन्ही पक्षांस ही वाट निव्वळ हौसेची वाटते. वस्तुतः ती हौसेसाठीं झालेली नाहीं. दोनशें वर्षें मागें पाहिलें, तर प्रथम ती व्यापाराची होती, पुढें सरहद्दीची झाली, आणि सरहद्दीसाठीं जें बांधलें गेलें त्याचा लाभ म्हणून ती आज सहलीची झाली आहे, असें दिसून येईल. प्रवासाचा बेत आंखणाऱ्यानें हा क्रम ध्यानांत घेतला, तर त्याच्या टिपणांतील प्रत्येक ओळीस निराळा अर्थ येईल.

पहिली ओळ ऋतूची. आपला उन्हाळा व त्या खिंडींचा उन्हाळा एक नव्हे. वैशाखांत आपल्या शाळांना सुट्या लागतात, तेव्हां तेथील उंच खिंडींवर बहुधा बर्फ पडलेलें असतें. वाट साधारणतः ज्येष्ठाच्या सुमारास मोकळी होते व दिवाळीच्या आगेंमागें पुन्हां मिटते. जुन्या वाटेनें मनाली सोडल्यावर सुमारें १३,००० फूट उंचीची रोहतांग, १६,००० फुटांची बारालाचा, त्यापुढें लाचुलुंग आणि शेवटीं १७,००० फुटांहून उंच अशी तंगलंग, या चार खिंडी चढून मग लेह गांठतां येतें. श्रावणांत कुलूच्या खोऱ्यांत पाऊस कोसळत असतो. पण रोहतांगची धार ओलांडली कीं ढग मागें राहतात. घाटमाथा सोडून देशाकडे येतांना हिरवे डोंगर हळूहळू उघडे पडतात, तसाच हा पालट. मात्र कितीतरी पटींनीं कठोर. पाऊस नसला तरी पाण्याचें भय असतेंच. सकाळीं घोट्याएवढा असलेला ओढा, दुपारीं बर्फ वितळलें म्हणजे गुडघ्याएवढा होतो. ओढे सकाळींच ओलांडावे हा तेथील नियम यांतूनच आला.

१८२० सालीं ह्याच बाजूनें विल्यम मूरक्रॉफ्ट नांवाचे इंग्रज गृहस्थ लेहला पोहोंचले. ते पेशानें पशुवैद्य असून ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पैदासखान्याचे प्रमुख होते. कंपनीच्या फौजेस उत्तम घोडे हवे होते, व ते बुखाऱ्याकडे मिळतील असा त्यांचा विश्वास होता. जॉर्ज ट्रेबेक या तरुण सोबत्यास घेऊन ते कुलू, रोहतांग, लाहौल व बारालाचा या मार्गानें लडाखांत उतरले, आणि पुढील वाट मोकळी होण्याची खटपट करीत लेहला सुमारें दोन वर्षें राहिले. बुखाऱ्याहून परततांना १८२५ त त्यांचा अंत झाला. त्यांचा प्रवासवृत्तांत १८४१ त प्रसिद्ध झाला. आज दोन चाकांच्या घोड्यावर बसून जे लोक तिकडे जातात, त्यांच्या आधीं खऱ्या घोड्याच्या शोधांत निघालेला हा प्रवासी त्याच खिंडी चढून गेला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मूरक्रॉफ्टनीं पाहिलेलें लेह हें रस्त्याचें टोंक नव्हतें. तो चव्हाटा होता. तिबेटाकडून पश्मीना लोकर येई व काश्मीरच्या मागांवर जाई. यारकंद, पंजाब व काश्मीर येथील व्यापारी एकाच बाजारांत उतरत. १८३४ त जोरावरसिंहाची डोग्रा फौज लडाखांत शिरली, व १८४६ नंतर तो मुलूख जम्मू-काश्मीरच्या राज्यांत राहिला. पुढें १८७० सालीं इंग्रज सरकार व महाराजा रणबीरसिंह यांच्यामध्यें व्यापाराचा तह झाला. लाहौलच्या सरहद्दीपासून यारकंदच्या मुलुखापर्यंतचा मार्ग सर्व प्रवाशांस मोकळा ठरला, त्यावर देखरेखीसाठीं दोन्ही सरकारांचे संयुक्त आयुक्त नेमण्याचें ठरलें, आणि सोयीच्या ठिकाणीं शिधासामुग्रीचीं कोठारें उघडून धान्य, वैरण व निवारा यांचे दर बांधून देण्याचा अधिकार त्यांस मिळाला. लाहौलांतील तांडीच्या पेट्रोलपंपावर, पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर आहे, अशी पाटी अनेक वर्षें झळकत होती, व मोटारसायकलस्वार तीपाशीं उभे राहून छायाचित्रें काढीत. ती चिंता मुळांत वैरणीची होती; पेट्रोलची ती मागाहून झाली.

हा चव्हाटा विसाव्या शतकाच्या मध्यास मोडला. १९४७-४८ च्या युद्धांत लेहला वेढा पडण्याची वेळ आली, तेव्हां २४ मे १९४८ रोजीं मेहरसिंग यांनीं जनरल थिमय्या यांस बरोबर घेऊन तेथील ओबडधोबड धांवपट्टीवर डाकोटा विमान उतरविलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या आरंभीं मद्रास सॅपर्सनीं रुंद केलेल्या खेचरवाटेनें सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे ११,००० फुटांवरील झोजीलावर चढले, व कारगिलमार्गें लेहशीं जमिनीवरून संबंध जुळण्याचा मार्ग खुला झाला. मात्र पलीकडे यारकंदचा व्यापार १९४९ च्या सुमारास बंद पडला. ज्या वाटा पूर्वीं आरपार जात, त्या आतां चौकीपाशीं थांबूं लागल्या.

१९६० त सीमा रस्ता संघटना स्थापन झाली, आणि १९६२ च्या चीनयुद्धानंतर सरहद्दीकडील रस्त्यांच्या कामास अधिकच निकड आली. श्रीनगरकडून येणारा रस्ता नियंत्रण रेषेजवळून जातो; १९९९ त कारगिलच्या शिखरांवरून त्यावर तोफांचा मारा झाला, तेव्हां मनालीच्या वाटेचें मोल सर्वांस कळलें. परदेशी प्रवाशांस लडाख १९७४ मध्यें उघडलें होतें. मनालीचा रस्ता नागरी वाहनांस १९८९ मध्यें खुला झाला. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगच्या पोटांतून गेलेला सुमारें ९ किलोमीटरांचा अटल बोगदा सुरू झाला. सहलीस निघालेल्यास त्यामुळें खिंडीचें सौंदर्य हुकतें, अशी तक्रार ऐकूं येते. परंतु हिवाळ्याचे कित्येक महिने जगापासून तुटलेल्या लाहौलच्या माणसांस तो बोगदा म्हणजे रोग्यास दवाखान्यापर्यंत नेणारा रस्ता आहे. दोन्ही पारड्यांत समान वजन आहे असें कोणी म्हणूं नये.

जी कथा रस्त्याची, तीच बऱ्याच अंशीं वाहनाचीही आहे. ह्या वाटेवर सर्वांत अधिक मिरविणारी बुलेट ही मूळची इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याची. हें नांव त्या गाडीस १९३२ पासून आहे. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भारतीय सैन्यानें सरहद्दीवरील गस्तीसाठीं ती निवडली. पुढें १९५५ त मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली व तिरुवोट्टियूर येथें गाड्या होऊं लागल्या. इंग्लंडांतील उत्पादन १९७० मध्यें थांबलें. मद्रासचें चालू राहिलें. सैनिकाच्या मांडीखालची ही फटफटी पुढें हौशी तरुणाच्या हातीं आली.

तेव्हां बेत आंखणाऱ्यानें काय करावें? जाऊं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उलट, जावें, पण ह्या वाटेवरून आपण दुसऱ्यांच्या श्रमांवर चाललों आहों याची जाणीव ठेवून जावें. झारखंड, बिहार व नेपाळ येथून आलेले मजूर उन्हाळाभर तेथें खडी फोडतात, डांबर उकळतात, कोसळलेल्या दरडी उचलतात. विरळ हवेंत ज्या चढावर आपणांस चार पावलें टाकतांना धाप लागते, तेथें त्यांचा सबंध दिवस कुदळ हातांत धरून जातो. छायाचित्रांत बहुधा रस्ता येतो, ते येत नाहींत. घाई करणाऱ्यास उंचीचा रोग गांठतो, म्हणून लेहला पोहोंचण्याआधीं एकदोन मुक्काम अधिक धरावे, हा वैद्यांचा सल्ला सर्वश्रुत आहे. त्या अधिक दिवसांचा दुसराही उपयोग आहे. केलाँगसारख्या गांवीं थांबलें, तर हिवाळा कसा काढतां, हें विचारतां येईल; रस्त्याच्या कडेला थांबलें, तर खडी फोडणाऱ्यास त्याचें गांव विचारतां येईल. वडील माणसांनीं मुलांस अडविण्यापेक्षां हे दोन प्रश्न बरोबर द्यावे. ज्या वाटेवर दोनशें वर्षें कोणी ना कोणी गरजेपोटीं चालत आलें, तेथें केवळ आनंदासाठीं जाण्याचें भाग्य आपल्या पिढीस मिळालें आहे. त्याचें एवढें मोल तरी तिनें दिलें पाहिजे.