अंतराळवीरांसाठी घडवलेले अन्न आणि रुग्णाची आतडी

चंद्राच्या वाटेवर निघालेल्या माणसाच्या पोटाचे काय करायचे? १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न अगदी गंभीरपणे उभा होता. यानात जागा अपुरी, वजनाची बंधने कडक. आणि जेवणापेक्षाही मोठी अडचण विष्ठेची. तिच्या उत्तरातून एका चिवट आतड्याच्या आजारावर उपचार गवसला. त्या प्रवासाचा हा धागा.

आधी आजाराविषयी. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून जाड झालेला, आत व्रण, पोटात कळा, जुलाब आणि झिजत चाललेला देह. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेल्यामुळे आजार ‘क्रोन’च्या नावाने ओळखला जाऊ लागला. शस्त्रक्रिया करणारे बर्ग यांनी लेखावर आपले नाव घालू दिले असते, तर आज जग ‘बर्गचा रोग’ म्हणत असते. खरे तर ग्लासगोच्या डॅल्झील यांनी १९१३ मध्येच असे रुग्ण वर्णिले होते. पण कीर्तीला असा न्याय क्वचितच ठाऊक असतो.

रोगट आतडे कापून काढले की रोग संपला, अशी आरंभीची आशा होती. ती टिकली नाही. कापलेल्या जागेजवळच आजार पुन्हा डोके वर काढी. पुढे स्टिरॉइड आली. त्यांनी दाह शमे, पण चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत आणि वाढत्या वयातील मुलांची उंची खुंटे.

दुसरीकडे, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जेसी ग्रीनस्टाइन आणि त्यांचे सहकारी उंदरांना एक विलक्षण अन्न देत होते. त्यात धान्य नाही, दूध नाही, मांस नाही. केवळ शुद्ध अमिनो आम्ले, ग्लुकोज, जीवनसत्त्वे, क्षार आणि नाममात्र स्निग्धांश. सारे पाण्यात विरघळलेले. आजाऱ्याला पेज पाजण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पण हे पेय त्या कुळातले नव्हे. पचनाचे काम येथे प्रयोगशाळेतच उरकलेले होते.

ग्रीनस्टाइन यांचे सहकारी मिल्टन विनित्झ यांनी हेच अन्न माणसाला देऊन पाहिले. १९६५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच अंतराळातील माणसाचा उल्लेख आहे. प्रयोग मात्र झाला कॅलिफोर्नियातील व्हॅकाव्हिल येथील तुरुंग-रुग्णालयात. कैदी १९ आठवडे या द्रवावर राहिले. प्रकृती टिकली, विष्ठा फारच कमी झाली.

ते ‘स्वयंसेवक’ होते, असे कागदावर आहे. पण ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, त्याच्या होकाराची किंमत किती? हा प्रश्न अमेरिकेने पुढच्या दशकात स्वतःला विचारला आणि १९७८ मध्ये कैद्यांवरील सरकारी अनुदानित संशोधनावर कडक मर्यादा घातल्या. या उपचाराच्या इतिहासातले हे पान वगळून पुढे जाता येत नाही.

अंतराळवीरांना हे पेय रुचले नाही. चव कडवट, वास उग्र. शल्यचिकित्सकांना मात्र त्यात वेगळेच दिसले: आतड्याला जवळपास विश्रांती देऊनही शरीर पोसता येते. ‘व्हिवोनेक्स’ या नावाने ते रुग्णालयांत पोहोचले. १९६९ मध्ये स्टीफन्स आणि रँडल यांनी खंगलेल्या रुग्णांवरील अनुभव मांडला. १९७३ मध्ये फॉइटक आणि सहकाऱ्यांनी दाहक आतड्याच्या आजारात त्याचा वापर नोंदवला. हेतू रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी सबळ करण्याचा. पण काहींचा आजारच ओसरू लागला.

योगायोग की उपचार? कसोटी लागली १९८४ मध्ये. ओ’मोरेन, सीगल आणि लेव्ही यांनी क्रोनच्या २१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला हे द्रवान्न, दुसऱ्याला प्रेडनिसोलोन. चार आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. १९८७ मध्ये लंडनच्या मुलांवरील अभ्यासात त्याहून मोलाची गोष्ट दिसली: द्रवान्नावरची मुले स्टिरॉइड घेणाऱ्यांपेक्षा अधिक उंच वाढली.

पुढे एक गृहीतक कोसळले. अमिनो आम्ले सुटी केलेली नसतानाही, अखंड प्रथिनांचे साधे द्रवान्नसुद्धा तितकेच गुणकारी ठरले. म्हणजे ‘आतड्याची विश्रांती’ हे पूर्ण उत्तर नव्हते. आतड्यातील जीवाणूंत होणारे बदल आणि नेहमीच्या अन्नातील काही घटकांचा अभाव यांकडे आता बोट दाखवले जाते; नेमका उलगडा अजून बाकी आहे. मर्यादाही स्पष्ट झाल्या. प्रौढांत स्टिरॉइड सरस ठरली, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये असा गुण दिसला नाही.

मुलांच्या बाबतीत बाजू भक्कम होत गेली. २००६ च्या इटालियन अभ्यासात दहा आठवड्यांनी आतड्याचे अस्तर द्रवान्नाच्या गटात ७४ टक्के मुलांत भरून आले, स्टिरॉइडच्या गटात ३३ टक्के. २०१४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी सहा ते आठ आठवडे केवळ द्रवान्न हा मुलांसाठी पहिल्या पसंतीचा उपचार ठरवला.

पण दीड-दोन महिने घरातले सारे जेवत असताना एका मुलाने केवळ पेला तोंडाला लावायचा, आणि तेही न जमल्यास नाकातून नळी घालून घ्यायची, हे सोपे नाही. २०१९ मध्ये इस्रायल आणि कॅनडातील संशोधकांनी निम्मे द्रवान्न आणि निम्मे निवडक अन्न देऊन पाहिले. सहा आठवडे हा आहार सुमारे ९८ टक्के मुलांना झेपला. निव्वळ द्रवान्न सुमारे ७४ टक्के मुलांना. त्या ताटात कोंबडी होती, अंडी होती, बटाटा होता आणि केळेही होते.